नावं कोरलेली ताटं

माझा थोरला भाऊ इमारतींना बाहेरून रंग द्यायचा. दोरांना टांगलेल्या फळीवर बसून, दहाव्या-बाराव्या मजल्यावर. मुलुंडला एका जुन्या इमारतीचं काम चालू असताना दोर सुटला आणि तो खालच्या पत्र्यावर पडला. जीव वाचला, पण पाठीचा कणा गेला. कमरेखालचं सगळं शरीर गेलं म्हणायचं. त्यानंतर दोन वर्षं तो कांजूरमार्गच्या आमच्या भाड्याच्या खोलीत पडून होता, आणि घर माझ्या वहिनीनं चालवलं.

मी तेव्हा त्यांच्याकडेच राहायचे. घाटकोपरच्या एका शाळेच्या लायब्ररीत नुकतीच लागले होते, माझं लग्न व्हायचं होतं. सकाळी मी भावाची कूस बदलून द्यायची आणि निघायची. वहिनी त्याच्याही आधी उठून पोळ्या, पाणी, पोरीची वेणी असं सगळं उरकून कामावर गेलेली असायची. काम म्हणजे सुका कचरा वेगळा करायची एक शेड होती. इमारतींमधून आलेला ढीग मध्ये ओतायचा आणि भोवती बसलेल्या बायकांनी दुधाच्या पिशव्या एकीकडे, पुठ्ठा एकीकडे, बाटल्या, चपला, काचा असं निवडत जायचं. ती घरी आली की आधी कपडे धुवायच्या पावडरीनं कोपरापर्यंत हात घासायची, मग चुलीशी जायची. आम्ही गॅस घेतला तरी ती त्याला चूलच म्हणायची.

एकदा मी तिला विचारलं होतं, सगळ्यात वाईट काय असतं गं त्या ढिगात? मला वाटलं, ती सुया म्हणेल किंवा डायपर. ती म्हणाली, "लग्नाच्या पत्रावळ्या, थर्माकोलच्या. बाकी कशाचं बी काय तरी होतंय, ताई. भंगारवाला नेतो. ह्याचं काईच होत न्हाय. भात चिकटलेला, तूप चिकटलेलं. उचलायचं आणि डंपिंगच्या गाडीत टाकायचं. एका घरचं लग्न आणि डोंगर केवढा."

तेव्हा ते माझ्या एका कानातून शिरून दुसऱ्या कानातून गेलं. मला घरी काय कमी दिसत होतं?

डॉक्टरांनी आता आणखी काही होणार नाही असं सांगितल्यावर भावानंच गावी जायचं काढलं. त्याला अंगणात खाट टाकून हवी होती. आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या कोरड्या भागातलं. आम्ही बौद्ध. आमची वस्ती ओढ्याच्या अलीकडे, गाव पलीकडे. वहिनी पोरीला आणि त्याला घेऊन गेली. तिथं ती दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला, कांदा काढायला जायची. तो आणखी तीन वर्षं जगला, आणि एका सकाळी खाटेवरच गेला.

पुण्यानुमोदनाला मी नवऱ्याबरोबर मुंबईहून गेले. वंदना झाली, भन्तेजींनी चार शब्द सांगितले, मग जेवण. जेवण थर्माकोलच्या पत्रावळ्यांवर होतं. बंदी होती, पण बाजारात मिळत होत्या, आणि सगळीकडे तेच चालायचं. खरं तर थर्माकोल आलं तेव्हा आमच्या आईला फार बरं वाटलं होतं. तिच्या तरुणपणी गावजेवणाला आमची माणसं घरून ताट घेऊन जायची, बाजूला बसायची, आणि जेवण झालं की आपलं ताट उचलून घरी यायची. थर्माकोल आल्यावर आई म्हणायची, "आता सगळ्यांचं ताट सारखं. कुणाचं कुणाला लागत न्हाय." तिचं म्हणणं मला तेव्हा पटायचं.

त्या दिवशी जेवणं झाली, माणसं हात धुऊन पांगली, आणि पत्रावळ्यांचा ढीग घराच्या मागे पडला. वारा होता. पत्रावळ्या उडून ओढ्यात जायला लागल्या. वहिनी आत बायकांच्या मध्ये बसली होती. ती उठली, पदर खोचला, बाहेर गेली आणि एकेक पत्रावळी गोळा करायला लागली. सगळे बघत राहिले. मी धावत गेले, म्हटलं, "वहिनी, आज नको. मी करते, तू बस."

ती म्हणाली, "मला ठाव हाय हे कुठं जातंय. इथं तर गाडी बी येत न्हाय."

तेवढ्यात भावकीतल्या एकानं ढिगाला काडी लावली. गावात कचऱ्याचं दुसरं काही करतच नाहीत. काळा, चिकट धूर उठला, अंगणात शिरला, भावाच्या फोटोला घातलेल्या हारापर्यंत आला. वहिनी हातात पाच-सहा पत्रावळ्या धरून तशीच उभी. मला म्हणाली, "त्यांच्या नावानं हे केलं आपण." मोठ्यानं नाही, रडतही नाही. मी तिला हाताला धरून आत नेलं.

मी मुंबईला परत आले आणि माझ्या कामाला लागले. तोवर माझं घर घाटकोपरला झालं होतं. तीन-चार महिन्यांनी एका दुपारी मी लायब्ररीत पुस्तकांवर शिक्के मारत बसले होते आणि वहिनीचा फोन आला. ख्यालीखुशाली न विचारता तिनं विचारलं, "ताई, तुमच्या माळ्यावर ताटं किती हायत?"

"कसली ताटं?"

"आहेराची. लग्नात आलेली."

मला हसू आलं. पण प्रश्न बरोबर होता. आमच्याकडे लग्नात स्टीलची भांडी देतात, आणि देताना दुकानातून नाव घालून घेतात. अमक्यातर्फे तमक्यास सप्रेम भेट, असं ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं. रोजच्या वापराला चार ताटं पुरतात. बाकीची कागदात गुंडाळून पोटमाळ्यावर जातात आणि घर बदलेपर्यंत तिथंच राहतात. माझ्याकडे बावीस निघाली.

तिनं वस्तीतल्या घराघरातून मागून साठ ताटं जमवली होती. लग्न, बारसं, पुण्यानुमोदन, काही असलं की ती भाड्यानं द्यायची, वाट्या-पेल्यांसकट. तिला निदान दोनशेची पंगत उठवता आली पाहिजे होती. "गावातली निम्मी माणसं मुंबईत," ती म्हणाली, "म्हणजे निम्मी ताटं बी तिथंच आसणार."

तर पुढचे काही रविवार मी ताटं मागत फिरले. हे काम दिसतं तेवढं सोपं नव्हतं. बोरिवलीला आमचा एक चुलतभाऊ टॉवरमध्ये राहतो. त्याच्या बायकोनं मला चहा दिला आणि म्हणाली, "अगं, ती सगळी भंगारवाल्याला देऊन टाकली ना आम्ही, इथे येताना. कशाला ठेवायची ती नावंबिवं?" मग जरा थांबून, "गावासाठी असं भांडी मागत फिरणं बरं दिसतं का?" मुलुंडच्या मावशीनं सहा दिली, तीही निवडून पोचे आलेली. काहींनी फोनच उचलले नाहीत. मला राग यायचा आणि लाजही वाटायची. शिकून, नोकरी करून शेवटी दारोदार भांडी मागते आहे, असं वाटायचं. ते मी वहिनीला कधी बोलले नाही.

चेंबूरच्या आत्याकडे मी शेवटी गेले. आत्याची एकुलती एक मुलगी लग्नानंतर वर्षभरात बाळंतपणात गेली होती. त्याला पंधरा वर्षं झाली असतील. सासरच्यांनी भांडी परत पाठवली होती, ती आत्यानं पलंगाखाली ट्रंकेत ठेवली होती. मी मागायला गेले नव्हते, भेटायला गेले होते. पण बोलता बोलता वहिनीचं सांगितलं. आत्या उठली. तिनं ट्रंक ओढली, आणि एकेक ताट पदरानं पुसत माझ्यापुढे ठेवायला लागली. तेहतीस. प्रत्येकावर तिच्या मुलीचं नाव.

"आत्या, ही राहू दे," मी म्हटलं.

"कशाला राहू दे? माणसं जेवतील त्यात. पोरीला माणसं जेवलेली आवडायची."

मी ती ताटं रिक्षातून मांडीवर घेऊन आले. पोत्यात भरून एसटीनं गावी पाठवली तेव्हा ती कुठल्या पोत्यात आहेत हे मी वहिनीला फोनवर वेगळं सांगितलं. ती म्हणाली, "ती वरच्या फळीला ठेवते."

पहिलं वर्ष वस्तीतच गेलं. वहिनीचा नियम एकच होता. ताटं मोजून न्यायची आणि धुऊन आणायची. भावकीतल्या काहींना ते आवडलं नाही. भाडं देतो तर धुवायचं काम तिचं, असं त्यांचं म्हणणं. ती म्हणाली, "मी ताटं देते. उष्टं काढायला मी न्हाय." हळूहळू पोरंसोरं, पुरुषसुद्धा ओढ्यावर ताटं घासायला बसायला लागले. आजूबाजूच्या गावांतल्या बौद्ध वस्त्यांतून बोलावणं यायला लागलं. तिनं शेतावर जाणं आधी कमी केलं, मग बंद केलं.

मग ओढ्यापलीकडून निरोप आला. वरच्या आळीतल्या एका घरात लग्न होतं, त्यांना अडीचशे ताटं हवी होती. पण नवी. नाव नसलेली. नावं वाचली की ताट कुणाच्या घरचं ते कळतं, आणि आडनावावरून बाकीचं कळतं. निरोप आणणारा माणूस म्हणाला, नाव तेवढं घासून काढलं तरी चालेल.

वहिनीनं मला फोन केला. मी काय सांगितलं ते मला चांगलं आठवतं. मी म्हटलं, "वहिनी, घे ना नवी ताटं. मी मदत करते. धंदा आहे तो. लोकांना जे पाहिजे ते द्यायचं, आपण कशाला मनाला लावून घ्यायचं?"

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं, ठेवते," आणि फोन ठेवला.

तिनं त्यांना नाही सांगितलं. त्या लग्नात कागदी पत्रावळ्या आल्या, आणि पुढची दोन वर्षं पलीकडून कुणी आलं नाही. मी दिलेला सल्ला तिनं पुन्हा कधी काढला नाही, पण तो मला मधूनमधून टोचत राहिला. मी इतकी वर्षं मुंबईत राहते, माझं आडनाव विचारून माझ्याशी बोलायचं का नाही हे ठरवणारी माणसं मीही पाहिली आहेत. आणि तरी मी तिला सांगितलं होतं, नाव नसलेली घे.

गेल्या वर्षी मुलुंडला एका हॉलमध्ये गावाकडच्या बायकांच्या उद्योगांचं प्रदर्शन होतं. निसर्गाला धक्का न लावणारे, टिकणारे उद्योग, असं त्याचं नाव होतं. आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या ओळखीतून मी वहिनीचं नाव दिलं. तिचा अर्ज मीच भरला. त्यात एक रकाना होता, हा व्यवसाय सुरू करण्यामागची आपली प्रेरणा. मी लिहिलं, पर्यावरणाच्या ऱ्हासाची जाणीव, प्लॅस्टिकमुक्त गावाचं स्वप्न, दिवंगत पतीच्या स्मृती. वाचून मलाच भरून आलं होतं.

वहिनी वीस ताटं घेऊन आली. इकडे आवळ्याचं सरबत, तिकडे बांबूच्या टोपल्या, कापडी पिशव्या, आणि मध्ये हिचं टेबल, जुन्या ताटांचं. लोक यायचे, ताट हातात घ्यायचे, किंमत विचारायचे. ही म्हणायची, "विकायची न्हाईत." ते गोंधळून पुढे जायचे.

दुपारी संस्थेची एक मुलगी अर्जांची फाइल घेऊन आली. प्रत्येकीचं थोडं लिहून ते पुस्तिकेत छापणार होते. तिनं मी लिहिलेलं वाचून दाखवलं, आणि विचारलं, "बरोबर आहे ना, मावशी?"

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. "हे कुणाचं हो?"

"तुझंच," मी म्हटलं.

"मी कवा असं बोलले?"

मुलगी हसली आणि स्टूल ओढून बसली. "मग तुम्हीच सांगा. का सुरू केलं?"

वहिनीनं आधी त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगितली. ती मलाही नवीन होती. तिच्या बचत गटात वरच्या आळीतली एक बाई आहे. तिच्या मुलीचा साखरपुडा होता. ती निरोप न पाठवता स्वतः ओढा ओलांडून आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "दीडशे दे. हायत तशी दे." घरी तिच्या सासूनं बोल लावले, तरी ती घेऊन गेली. पहिली पंगत बसली. दोन म्हाताऱ्या पुरुषांनी ताटावरचं नाव वाचलं, ताट बाजूला सारलं आणि उठून गेले. पंगत थांबली. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मुलीची आई, म्हणजे जिनं सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं, ती वाढप सोडून आली, त्या दोघांच्या मोकळ्या जागी बसली, आणि ते सारलेलं ताट पुढं ओढून जेवायला लागली.

"मग?" संस्थेच्या मुलीनं विचारलं.

"मग काय. जेवली माणसं. भुका लागल्या व्हत्या."

"तुम्ही होतात तिथे?"

"दुसऱ्या पंगतीला बोलावलं मला. गेले मी. आणि दुसऱ्या दिवशी ती बाई ताटं घेऊन आली. धुऊन, पुसून, माझ्या दारात. मी मोजली. बरोबर भरली. ती गेल्यावर आत जाऊन बसले. दिवसभर काय सुधरलं न्हाय."

मुलीनं ते लिहून घेतलं. "पण हे नंतरचं झालं, मावशी. सुरुवात का केली?"

वहिनीनं समोरचं ताट सरळ केलं. मग म्हणाली, "धूर बघवला न्हाय, हे खरं. शेडमधी काम केलं, ते बी खरं. पण त्यानं माणूस उठून धंदा करत न्हाय, बाई. मालक पडून हुते, तवा मी रोज सकाळी दुसऱ्याच्या बांधावर जाऊन उभी राहायची. आज येऊ का? कवा हो म्हणायचे, कवा न्हाय म्हणायचे. तिथून तशीच माघारी. ते वारले तवा मला वाटलं, आता तरी हे नको. आता कुणीतरी माझ्या दारात यावं. वहिनी हायत का, म्हणून विचारावं. काय तरी मागावं माझ्याकडं. आता माझ्याकडं देण्यासारखं काय? हुडकलं, तर माळ्यावर ताटं घावली."

मी तिच्या शेजारी बसले होते. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले होते की तिनं हे दुःखातून केलं. मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

मुलगी जरा अवघडून म्हणाली, "फार छान. पण पुस्तिकेत दोनच ओळींची जागा आहे. पर्यावरणाचं पण ठेवू ना?"

"ठेवा की. ते बी खोटं न्हाय."

पुस्तिका छापून आली तेव्हा त्यात मी लिहिलेलंच होतं. वहिनीनं तिचा फोटो पाहिला आणि पुस्तिका पोरीला पाठवून दिली. पोर आता नर्सिंगला आहे.

वरच्या आळीतली आता चार-पाच घरं ताटं नेतात. बाकीची नेत नाहीत. उठून गेलेल्या त्या दोघांपैकी एकजण वारले, त्यांच्या दहाव्याला कागदी पत्रावळ्याच होत्या. वहिनीनं हे मला सरळ सांगितलं, जसं पाऊस नाही झाला हे सांगावं तसं. त्या साखरपुड्यातल्या बाईशी तिच्या जावा अजून बोलत नाहीत, हेही सांगितलं. ती बाई कधी दुपारची येते, दोघी ताटांच्या खोलीत बसून चहा पितात.

मी आमच्या घाटकोपरच्या सोसायटीत वार्षिक जेवणाच्या वेळी हा विषय काढून पाहिला. ताटांची व्यवस्था मी करते म्हटलं. सगळ्यांना कल्पना आवडली, आणि मग कुणीतरी विचारलं, "पण धुणार कोण?" कामवाल्या बायकांना वर थोडे द्यायचे, असं ठरायला लागलं. मला वहिनीचा नियम सांगता आला असता. दीडशे माणसांनी आपापलं ताट घासायचं, असं मला म्हणायचं होतं. माझी जीभ रेटली नाही. जेवण कागदी प्लेटांवर झालं आणि मीही त्यांच्यात बसून जेवले. वहिनीला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पुढल्या वर्षी इचारा."

आता शेजारच्या गावातल्या एका बाईनं असंच ताटांचं काम सुरू केलं आहे. मला वाटलं, वहिनीचं गिऱ्हाईक तुटेल, तिला वाईट वाटेल. तसं बोलायला फोन केला तर ती घरात नव्हतीच. त्या गावाला गेली होती, तीन दिवस. त्या बाईला ताटांची फळी कशी लावायची, पाणी निथळायला खाली काय घालायचं, हे दाखवत होती. बोलायला तिला सवड नव्हती. मागून कुणाचा तरी आवाज येत होता आणि ताटांचा. ती म्हणाली, "ताई, मग करते फोन, माणसं आल्यात," आणि तिनं फोन ठेवला.